प्रस्तावना : वाकलेले कॅबिनेट सरळ करताना

जुना संगणक हाती आला की आपण आधी बोर्डाकडे धावतो. कपॅसिटर फुगला आहे का, बॅटरी गळून तांब्याच्या रेषा खाल्ल्या आहेत का, चिपचे पाय गंजले आहेत का, हे पाहतो. या कामासाठी सर्किटचे नकाशे मिळतात, पर्यायी सुटे भाग मिळतात, जाणकार माणसेही भेटतात. अडचण येते ती सगळे संपल्यावर. बोर्ड चालू होतो, तो पुन्हा कॅबिनेटमध्ये बसतो आणि वरचे झाकण खालच्या भागावर बसायला नकार देते. एक कोपरा वर राहतो. स्क्रू आवळून तो खाली आणायला जावे, तर स्क्रू ज्यात बसतो तो प्लास्टिकचा खांब, म्हणजे बॉस, मुळापासून तडकतो. मग कुणीतरी हीट गन उचलतो आणि चाळीस वर्षे टिकलेली वस्तू दोन मिनिटांत कायमची बिघडते.

हे पुस्तक त्या दोन मिनिटांच्या आधी वाचायचे आहे. त्यात सांगायचे आहे ते थोडक्यात असे : प्लास्टिक कशामुळे वाकले हे ओळखल्याशिवाय ते सरळ करायला घेऊ नये. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाकांची कारणे पूर्ण वेगळी असू शकतात, आणि एकाला बरे करणारी उष्णता दुसऱ्याला आणखी वाकवते.

पुस्तक मराठीत असले, तरी ते चेन्नईत घडले आहे. या विषयाला लागणारे तीन प्रकारचे ज्ञान या शहरात थोड्या थोड्या अंतरावर नांदते. गिंडीत १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सुरू झालेली, सिपेट या नावाने ओळखली जाणारी केंद्र सरकारची प्लास्टिक अभियांत्रिकीची संस्था आहे. साचा कसा कापायचा, वितळलेला माल त्यात कसा भरायचा, तो थंड होताना आकसतो किती, हे देशातल्या कित्येक कारखान्यांतले लोक तिथे शिकले. एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात १९३० साली रासायनिक जतनाची प्रयोगशाळा उभी राहिली. एस. परमशिवन यांनी तिथे चोळकालीन कांस्यमूर्तींवरचा गंज विद्युत-रासायनिक पद्धतीने उतरवण्याचे काम केले. भारतातल्या संग्रहालयांत शास्त्रशुद्ध जतनाची परंपरा सुरू झाली ती जवळजवळ तिथूनच. आणि अण्णा सालईला लागून असलेली रिची स्ट्रीट : नेहरू प्लेस किंवा लॅमिंग्टन रोडच्या तोडीचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, जिथे तुटलेल्या लॅपटॉपचे बिजागर आणि फुटलेल्या कीबोर्डचा कोपरा रोज जोडला जातो. पहिल्या ठिकाणी पदार्थाचे शास्त्र आहे, दुसऱ्या ठिकाणी वस्तूविषयीची जबाबदारी आणि तिसऱ्या ठिकाणी हातातले कसब. जुन्या संगणकाच्या कवचाला या तिन्हींची गरज पडते, पण हे तिघे एका टेबलाशी बसल्याचे मी पाहिलेले नाही. या पुस्तकात त्यांना एकत्र बसवण्याचा प्रयत्न आहे.

संगणक सुरुवातीपासून प्लास्टिकचा नव्हता. १९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालेला टिफ्रॅक, किंवा १९७३ साली आयआयटी मद्रासमध्ये आलेला आयबीएम ३७०/१५५, ही लोखंडी कपाटे होती. लोखंड गंजेल, पण वाकणार नाही. प्लास्टिक आले ते संगणक घरात शिरला तेव्हा. १९७७ च्या ॲपल-२ चे कवच जेरी मॅनॉक यांनी घडवले, आणि ते यंत्र कार्यालयीन उपकरणापेक्षा घरगुती वस्तूसारखे दिसले याचे मोठे श्रेय त्या कवचाला जाते. पण या क्षेत्रातला पहिला धडाही त्याच यंत्राने दिला. त्यात पंखा नव्हता, आणि अगदी सुरुवातीच्या तुकडीच्या झाकणाला हवेच्या फटीही नव्हत्या. आतल्या उष्णतेने काही झाकणे खचली, आणि पुढच्या तुकड्यांत बाजूंना फटी द्याव्या लागल्या. म्हणजे वाकलेल्या कवचाचा प्रश्न घरगुती संगणकाइतकाच जुना आहे.

ऐंशीच्या दशकात एबीएस हे या धंद्याचे मुख्य प्लास्टिक झाले. ॲक्रिलोनायट्राइल, ब्युटाडाइन आणि स्टायरीन या तीन घटकांपासून ते बनते. पहिला घटक रसायनांना तोंड देतो, मधला रबरासारखा असून आघात झेलतो, आणि शेवटचा ताठपणा व चकाकी देतो. एबीएसला ठरावीक वितळणबिंदू नसतो. सुमारे १०५ अंश सेल्सिअसला त्याचा काचेसारखा ताठपणा जातो आणि ते रबरासारखे वागू लागते. त्याच्या खाली, ८० अंशांच्या पुढेच, त्याची पकड सैल व्हायला लागते. दुरुस्तीचा सगळा खेळ या अरुंद पट्ट्यात चालतो.

आता बाकाची कारणे. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण सगळे यावर अवलंबून आहे.

२२० अंशांच्या वर तापलेले एबीएस प्रचंड दाबाने साच्यात शिरते. साच्याच्या भिंतीला टेकलेला थर क्षणात गोठतो, आतला गाभा मागाहून आकसतो. जिथे जाडी जास्त, उदाहरणार्थ बॉस किंवा आतल्या आडव्या पट्ट्या, तिथे आकसणेही जास्त. उन्हात घातलेल्या पापडाच्या कडा वळतात त्याचेही कारण हेच, की सगळे अंग एका वेगाने सुकत नाही. साच्याने धरून ठेवल्यामुळे प्लास्टिक वळू शकत नाही आणि तो ताण आतच कोंडला जातो. कारखान्यातून निघालेले सपाट झाकण असा ताण पोटात घेऊनच निघते. पुढे कधी त्याला पुरेशी उष्णता मिळाली, की ताण मोकळा होतो आणि सगळे झाकण पिळवटते. हा झाला साच्यातला ताण.

दुसरे कारण भाराचे. संगणकावर दहा-बारा किलोचा मॉनिटर वर्षानुवर्षे ठेवला, किंवा गोदामात एकावर एक सहा यंत्रे रचली, की प्लास्टिक हळूहळू, दिसणार नाही अशा वेगाने झुकते. इथे झाकण मधोमध खोल जाते आणि कडा शाबूत राहतात. या बाकाचा गुण असा, की प्लास्टिकच्या लांब साखळ्यांना आपला मूळ आकार बऱ्याच अंशी लक्षात असतो. भार काढून अशा झाकणाला सावकाश, सगळीकडून सारखी उष्णता दिली, तर ते बरेचसे आपोआप वर येते.

साच्यातल्या ताणाने पिळवटलेले झाकण मात्र आपोआप परत येत नाही. त्याचा ताण आधीच मोकळा झालेला असतो, आणि उष्णता त्याला त्याच दिशेने आणखी पुढे नेते. त्याला सपाट फळ्यांमध्ये किंवा मुद्दाम केलेल्या आधारात दाबून तापवावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दाबातच पूर्ण थंड होऊ द्यावे लागते. नवशिके नेमके इथे घाई करतात. तापवणे जमते, वाट पाहणे जमत नाही.

बाकीची कारणे पटकन सांगतो. पॉवर सप्लायजवळचा एकच कोपरा वाकला असेल, तर दोष आतल्या उष्णतेचा, आणि ती कमी केल्याशिवाय केलेली दुरुस्ती पुन्हा वाकणार. कडा लाटेसारख्या झाल्या असतील तर ऊन. आणि झाकणावर वायरच्या आकाराची खोल, चिकट चर दिसली तर उष्णतेचा संबंधच नाही. पीव्हीसी वायर मऊ राहावी म्हणून तिच्यात घातलेले द्रव्य बाहेर झिरपून एबीएसला विरघळवते. यंत्राभोवती वायर गुंडाळून ठेवण्याची आपली सवय अशा किती कवचांना नडली आहे.

भारतात या सगळ्याला वेगळे वळण आहे. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक आले. सिंक्लेअर स्पेक्ट्रमही परवान्याने इथे बनला. अशी पूर्ण प्लास्टिकची यंत्रे थोड्या घरांत आणि शाळांत पोचली. बाकी देशी संगणक बहुतेक पत्र्याच्या कॅबिनेटचे होते, कारण मोठ्या झाकणाचा साचा महाग पडतो आणि थोड्या नगांसाठी तो परवडत नाही. म्हणून आपल्याकडे वाकलेले प्लास्टिक आढळते ते पुढच्या पट्टीत, मॉनिटरच्या मागच्या कवचात, कीबोर्डच्या तळात आणि प्रिंटरच्या झाकणात. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि ‘टीव्हीएस गोल्ड’ हा खटखट वाजणारा कीबोर्ड देशभरच्या दुकानांत आणि बँकांत पोचले. परदेशी मार्गदर्शिका ॲपल आणि कमोडोरभोवती फिरतात. आपल्या वाचकाच्या टेबलावर मात्र वर सांगितलेल्या वस्तूंपैकी काही असण्याची शक्यता जास्त, म्हणून पुस्तकातली उदाहरणे तशीच निवडली आहेत. कीबोर्डच्या बाबतीत एक इशारा इथेच : सगळ्या कळा एबीएसच्या नसतात. काही पीबीटीच्या असतात. पीबीटी थंड होताना एबीएसच्या दुपटी-तिपटीने आकसते, त्यामुळे लांब स्पेसबार जन्मतःच किंचित धनुष्याकृती निघतो. एबीएसचे आकडे त्याला लावून उपयोग नाही.

म्हणून कामाची पहिली पायरी पदार्थ ओळखणे ही. आतल्या बाजूला खूण कोरलेली असली तर प्रश्न मिटतो. नसेल, तर आतून खरवडलेल्या कणाची परीक्षा : साध्या पाण्यात पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते, दाट मिठाच्या पाण्यात एबीएस वर येते आणि पीव्हीसी तळाशीच राहते. या जुन्या युक्तीत एक खाच आहे. मॉनिटर आणि पॉवर सप्लायच्या आसपासच्या एबीएसमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळलेली असत. त्यांनी वजन वाढते आणि ते मिठाच्या पाण्यातही बुडू शकते. मग ॲसिटोनचा एक थेंब, आतल्या न दिसणाऱ्या जागी, उत्तर देतो : एबीएस चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही.

दुरुस्तीच्या पद्धतींवर जगभर मतभेद आहेत आणि ते तीव्र आहेत. एक पंथ तापवून दाबणाऱ्यांचा. नियंत्रित ओव्हन, ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, ८० ते ९५ अंश आणि भरपूर वेळ. दुसरा पंथ विरघळवून जोडणाऱ्यांचा. एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये घोळून केलेल्या लगद्याने ते भेगा भरतात, तडकलेले बॉस उभे करतात. आपल्या रस्त्यावरचा कारागीर यांचाच भाऊबंद आहे. दुचाकीच्या फुटलेल्या पॅनेलला तो सोल्डरिंग आयर्नने तारेची जाळी आत दाबून बसवतो आणि वरून त्याच जातीच्या भंगारातून कापलेली पट्टी वितळवतो. चेन्नईच्या पुदुपेट्टईसारख्या जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारांना अशा हातांचा मोठा आधार असतो. जोडाची पट्टी त्याच जातीची हवी हे त्याला कुठल्या पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही. वास आणि धूर पाहून तो प्लास्टिकची जात सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो.

तिसरा पंथ बदलणाऱ्यांचा : थ्री-डी प्रिंटिंग, सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतणे, किंवा थेट नवे कवच. २०१५ च्या सुमारास कमोडोर ६४ च्या मूळ साच्यांतून नवी कवचे काढली गेली, अमिगा १२०० साठी तर लोकवर्गणीतून नवा साचाच कापण्याचा उपक्रम सुरू झाला. यंत्र रोज वापरायचे असेल तर हा मार्ग चांगला आहे. पण जुने कवच फेकू नये असे मला मनापासून वाटते. त्याच्या आतल्या बाजूला साच्याचे क्रमांक असतात, महिना आणि वर्ष दाखवणारी बाणाची गोल चकती असते. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या आतल्या भिंतीवर तर ते घडवणाऱ्या चमूच्या सह्या उमटल्या आहेत. कुठली वस्तू कुठे, केव्हा, कुणी घडवली याचा हा पुरावा आहे आणि नव्या कवचात तो येत नाही.

चौथा पंथ संग्रहालयवाल्यांचा, शक्यतो हात न लावणाऱ्यांचा. जतनशास्त्राने प्लास्टिककडे गांभीर्याने पाहिले ते फार उशिरा. १९९१ ची ओटावातली परिषद, २००८ साली आलेले इव्हॉन शाशुआ यांचे पुस्तक आणि २००८ ते २०१२ या काळातला युरोपातला पॉपआर्ट प्रकल्प हे त्यातले मोठे टप्पे. या लोकांचा आग्रह असा, की जी दुरुस्ती उलटवता येत नाही ती करण्याआधी दहादा विचार करावा. लगदा भरणे उलटवता येत नाही. तापवून दाबण्यातही प्लास्टिकमधली वार्धक्यरोधक द्रव्ये थोडी खर्च होतात आणि त्याचे आयुष्य घटते. तरीही माझे मत उष्णतेच्या बाजूने झुकते, कारण ती वस्तूत परके काही घालत नाही आणि तिच्यातले खरवडून काढत नाही. मात्र ती एकदाच, पूर्ण तयारीने द्यावी. पुन्हा पुन्हा तापवून पाहणे हा सर्वांत वाईट मार्ग.

या ठिकाणी पिवळेपणा घालवण्याच्या वेडाचा उल्लेख करावा लागतो. २००८ पासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरणांनी पिवळी कवचे पांढरी करण्याची कृती जगभर पसरली. रसायन म्हणून ती चालते. पण आपल्याकडे लोक अतिनील किरणांसाठी कवच गच्चीवर, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, मे महिन्याच्या उन्हात ठेवतात. २००३ च्या मे महिन्यात चेन्नईत पारा ४५ अंशांवर गेला होता, आणि तो आकडा सावलीतला. सिमेंटच्या गच्चीवर गुंडाळलेल्या वस्तूचे तापमान त्याहून बरेच वर जाते आणि साच्यातला ताण मोकळा व्हायला ते काही तासांत पुरते. रंग परत मिळतो, आकार जातो. पिवळेपणाने यंत्राचे काही बिघडत नाही. पीळ पडला तर ते बंदच होत नाही, शब्दशः.

दमटपणाही विसरून चालत नाही. समुद्रकाठच्या हवेत एबीएसमध्ये थोडे पाणी मुरलेले असते. ओव्हनच्या सावकाश उष्णतेत ते निघून जाते, पण हीट गनची हवा ३०० अंशांच्या पुढे सहज पोचते. तिथे त्याची वाफ होऊन पृष्ठभागावर बारीक फोड येतात, जे घासूनही जात नाहीत. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या वाचकांनाही हे तितकेच लागू आहे.

हे सगळे आताच का? कारण त्या पिढीची यंत्रे आता चाळिशीला आली आहेत आणि झपाट्याने भंगारात जात आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नूतनीकरणाला जागा आहे, पण व्यवहारात जुन्या यंत्राची किंमत त्याच्या वजनावर ठरते. एबीएसचा चुरा होतो, चुऱ्याचा दाणा होतो. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुराने कित्येक घरांच्या तळमजल्यावरचे सामान एका आठवड्यात रस्त्यावर आणले, त्यात असे किती संगणक गेले असतील. मराठी माणसासाठी यात आणखी एक हितसंबंध आहे. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या आयएसए खाचेत बसत असे, आणि देवनागरी पडद्यावर आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. श्री-लिपीसारख्या प्रणालींवर अनेक मराठी पुस्तके, दिवाळी अंक, शब्दकोश जुळवले गेले. त्या काळच्या फ्लॉपी वाचायच्या तर तशी यंत्रे चालती हवीत, आणि फ्लॉपी ड्राइव्हसमोरची पट्टी वाकली की फ्लॉपी अडकते. तंजावरच्या सरस्वती महालातल्या मोडी कागदांची काळजी आपण करतो, तशीच करावी अशी ही सामग्री आहे.

पुस्तकाची रचना यंत्राच्या नावांनुसार केलेली नाही. ती बाकाच्या प्रकारांनुसार आहे, कारण वाचकासमोर वस्तू येते तेव्हा त्याला आधी दिसतो तो बाक. सरळपट्टी, फीलर गेज आणि आडवा धरलेला टॉर्च यांनी बाक कसा मोजायचा आणि कागदावर कसा उतरवायचा, इथून सुरुवात होते. ओव्हन आणि फळ्या त्यानंतर. गिंडीच्या विषयातले गणित जेवढे लागते तेवढेच घेतले आहे, एग्मोरच्या परंपरेतली नोंदवही मात्र पूर्ण घेतली आहे : दुरुस्तीआधीचा फोटो, तापमान, वेळ, वापरलेले द्रव्य, तारीख. आणि रिची स्ट्रीटवरच्या हातांचे कसब, जितके शब्दांत धरता येईल तितके.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. लॅपटॉपवरचा चिकट झालेला रबरी मुलामा आणि कीबोर्डमधला भुगा झालेला फोम यांची रसायने वेगळी आहेत. त्यांना दोन पाने देऊन न्याय मिळणार नाही. पिक्चर ट्यूबचा मॉनिटर उघडण्याची कृतीही इथे नाही. त्या ट्यूबमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा भार उरतो, आणि ती कृती प्रत्यक्ष शिकवणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावी. स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला एकदा वापरला, की तो पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. ब्रोमीनयुक्त प्लास्टिक तापवताना आणि घासताना खिडक्या उघड्या, तोंडावर योग्य मास्क आणि घरातली मुले दुसऱ्या खोलीत, हे प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पुन्हा छापले आहे. ते दर वेळी वाचावे, अशी विनंती आहे.